पाकिटं कोणाची, शिक्षा कोणाला

(डॅलसजवळ प्लेनो इथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण सेंट्रल एक्स्प्रेसवेवरून डाउनटाउनला जाताना सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एसएमयूच्या, अगदी शेजारून जातात. लाल विटांच्या इमारती, राखलेली हिरवळ, चार पिढ्यांचा पैसा मुरलेला परिसर. 25 फेब्रुवारी 1987 रोजी एनसीएएनं, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम राखणाऱ्या संघटनेनं, या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला जी शिक्षा सुनावली, तिला इथले लोक आजही ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात. 1987चा अख्खा हंगाम रद्द. 1988मध्ये घरच्या मैदानावर एकही सामना नाही. मग विद्यापीठानं तोही हंगाम सोडूनच दिला. गुन्हा असा की 1985 आणि 86मध्ये 13 खेळाडूंना एका बूस्टरच्या, म्हणजे संघावर पैसा उधळणाऱ्या धनिक चाहत्याच्या, पैशातून दरमहा पाकिटं जात होती. कोणाला 50 डॉलर, कोणाला 725. सगळं मिळून 61 हजार डॉलर.

भारतातून नव्यानं आलेल्यांसाठी थोडं सांगतो. हा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला फुटबॉल. अमेरिकेत कॉलेजचा संघ म्हणजे गावाचं दैवत असतं. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक माणसं बसतात. तिकिटं, टीव्हीचे हक्क, देणग्या यांतून येणारा पैसा अफाट. आणि ज्याच्या जिवावर तो येतो त्या अठरा वर्षांच्या पोराला मिळायची शिष्यवृत्ती, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. त्यापलीकडे एक पैसा घेतला तर नियमभंग. बरं, तो म्हणेल की मी थेट व्यावसायिक फुटबॉल खेळतो, तर तेही शक्य नाही. शाळा संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग, त्याला दारात उभं करत नाही. बेसबॉलच्या पोराला शाळेतून थेट व्यावसायिक क्लबात जाता येतं, याला नाही. म्हणजे माल अव्वल, गिऱ्हाईक पन्नास, आणि अधिकृत भाव सगळीकडे सारखाच. अशा बाजारात टेबलाखालून भाव फुटणार नाही तर काय होणार?

तो फोडणारे हे बूस्टर. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, तेलवाले, बिल्डर, मोटारींचे डीलर. सामन्यानंतर पोराशी हात मिळवायचा आणि हातातल्या हातात घडी केलेली नोट सरकवायची, त्याला ‘शंभर डॉलरचा हँडशेक’ म्हणत. उन्हाळ्यात मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी द्यायची, हजेरी लावायची, काम काही नाही. 2006मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईच्या सूत्रधाराला, नेमक्या अशाच न केलेल्या कामाच्या पगारापायी विद्यापीठानं संघातून काढलं.

आता एसएमयूकडे परत येऊ, कारण खरी गंमत, की शोकांतिका म्हणा, पाकिटांत नाहीच. 1985मध्ये विद्यापीठावर आधीच एकदा कारवाई झाली होती. तेव्हा विद्यापीठाच्या नियामक मंडळातल्या बड्या मंडळींपुढे प्रश्न आला: ज्या पोरांना शब्द दिलाय, त्यांची पाकिटं आता बंद करायची का? बंद केली तर ती बोलतील. म्हणून ठरलं की चालू पाकिटं चालू ठेवायची, नवीन द्यायची नाहीत. पोरं पदवी घेऊन गेली की हे आपोआप आटपेल. 1986च्या नोव्हेंबरात इथल्याच डब्ल्यूएफएए वाहिनीवर एका माजी खेळाडूनं सगळं सांगून टाकलं. पत्रकार डेल हॅन्सन यांनी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांसमोर कॅमेऱ्यापुढे एक पाकीटच ठेवलं, पत्ता हातानं लिहिलेलं. अक्षर कोणाचं, या साध्या प्रश्नावर उडालेली त्यांची तारांबळ साऱ्या डॅलसनं घरी बसून पाहिली.

आणि मार्च 1987मध्ये, शिक्षा होऊन गेल्यावर, मंडळाच्या माजी अध्यक्षांनी कबूल केलं की हो, पाकिटं चालू ठेवायला आमची संमती होती. या गृहस्थांचं नाव बिल क्लेमेंट्स. त्या दिवशी ते टेक्सासचे राज्यपाल होते. राज्यपालपदाची मुदत त्यांनी सुखेनैव पूर्ण केली. संघ मात्र 1989मध्ये मैदानात परतला तो कोवळी पोरं घेऊन, आणि ह्यूस्टनकडून 95-21 असा चेचला गेला. पुढचा बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, नशिबी यायला 2009चा डिसेंबर उजाडला. 725 डॉलर घेणारे केव्हाच निघून गेले होते, देणाऱ्यांना फारसं काही झालं नाही, आणि मार खाल्ला तो हे घडलं तेव्हा शाळेत असलेल्या पोरांनी.

तुम्ही म्हणाल, चोरी केली, शिक्षा झाली, ठीकच आहे. पण त्या काळात चोरी एकट्या एसएमयूची नव्हती. इथून पश्चिमेला फोर्ट वर्थला टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे, टीसीयू. 1985च्या सप्टेंबरात तिथल्या एका नावाजलेल्या खेळाडूनं पैसे घेतल्याची कबुली दिली. प्रशिक्षक जिम वॅकर यांनी काय करावं? सरळ स्वतःहून एनसीएएला कळवलं, आपलेच मोहरे संघातून काढले, हंगामाची माती करून घेतली. या प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी टीसीयूच्या 35 शिष्यवृत्त्या गेल्या आणि टीव्हीचा पैसाही परत करावा लागला. आसपासच्या प्रत्येक प्रशिक्षकानं यातून काय धडा घेतला असेल, ते तुम्हीच ओळखा. मला विचाराल तर डेथ पेनल्टीपेक्षा टीसीयूच्या शिक्षेनं कॉलेज फुटबॉलचं जास्त नुकसान केलं. एसएमयूनं लोकांना घाबरवलं असेल. टीसीयूनं गप्प राहायला शिकवलं.

आता ही एनसीएए म्हणजे आहे कोण? सरकार नाही, न्यायालय नाही. विद्यापीठांनी मिळून 1906मध्ये काढलेली संघटना. तिला कोणालाही समन्स काढून बोलावता येत नाही, बँकेची कागदपत्रं मागवता येत नाहीत, शपथेवर साक्ष घेता येत नाही. पैसे देणारा बूस्टर दारच उघडत नाही म्हणाला, तर विषय संपला. आणि शिक्षा ठरवणाऱ्या समितीत बहुसंख्य माणसं सदस्य विद्यापीठांचीच. सोसायटीची थकबाकी वसूल करणारी समिती थकबाकीदारांतूनच नेमावी, तसला हा प्रकार.

याचं सर्वांत झणझणीत उदाहरण म्हणजे 2010. यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, रेगी बुश हा हाइजमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं पारितोषिक, मिळवलेला खेळाडू. त्यानं आणि घरच्यांनी एजंटगिरी करू पाहणाऱ्यांकडून पैसे, घर असे फायदे घेतले, म्हणून यूएससीवर दोन वर्षं बोलबंदी आणि 30 शिष्यवृत्त्यांची कपात. समितीचे अध्यक्ष होते पॉल डी. मोठ्या खेळाडूंवर मोठं लक्ष ठेवावं लागतं, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी तेव्हा ऐकवलं. हे डी साहेब मायामी विद्यापीठाचे माजी क्रीडा संचालक. वर्षभरानं, 2011च्या ऑगस्टमध्ये, नेव्हिन शपिरो नावाच्या बूस्टरनं तुरुंगातून जाहीर केलं की मायामीच्या खेळाडूंना मी वर्षानुवर्षं पैसे, पार्ट्या, बोटीची सैर सगळं पुरवत होतो. त्यातली बरीच वर्षं डी संचालक असतानाचीच. शपिरो पॉन्झी घोटाळ्यात 20 वर्षांची शिक्षा भोगत होता, म्हणजे साक्षीदार काही संत नव्हे. पण पैसे वाटायला तो कुठून आणत होता, हे तर न्यायालयातच सिद्ध झालं होतं.

मग मायामीला काय झालं? इथे समन्सचा प्रश्न आडवा आला. साक्षीदार बोलेनात, तेव्हा एनसीएएच्या तपासनीसांनी शपिरोच्या वकील बाईंनाच पैसे देऊन, त्याच्या दिवाळखोरीच्या खटल्याआडून शपथेवर साक्षी काढून घेतल्या. नियम मोडणाऱ्यांना पकडण्यासाठी नियमांची पळवाट! हे उघडकीला आल्यावर अंमलबजावणी विभागाच्या प्रमुखांना घरी जावं लागलं, तो पुरावा बाद झाला, आणि 2013मध्ये मायामीच्या 9 शिष्यवृत्त्या गेल्या. तीस आणि नऊ. दोन्ही खाजगी विद्यापीठं, दोन्ही नामांकित संघ. मायामीनं स्वतःहून दोन वर्षं बोल सामने सोडले होते, हे न्यायाला धरून सांगायला हवं. तरी आकडे बोलतात.

जेरी टार्केनियन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते, लास व्हेगासचे. एनसीएएशी त्यांचं आयुष्यभराचं वैर. ते म्हणत, बड्या केंटकीवर एनसीएए इतकी चिडली आहे की आता छोट्या क्लीव्हलँड स्टेटला आणखी दोन वर्षांची शिक्षा देणार. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. हा नुसता विनोद म्हणून सोडून देऊ नका. एसएमयूनंतर फुटबॉलमध्ये तशी शिक्षा पुन्हा कोणालाही झाली नाही. मग झाली कोणाला? अटलांटातलं मोरहाउस कॉलेज, मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं, त्याच्या सॉकर संघाला. आणि इलिनॉयमधल्या मॅकमरी नावाच्या चिमुकल्या कॉलेजच्या पुरुष टेनिस संघाला! ते टेनिस बंद पडल्यानं कुठल्या टीव्ही वाहिनीचं काय बिघडणार होतं?

उलट 2010च्या डिसेंबरात ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी आपली बक्षिसं विकून पैसे आणि टॅटू घेतल्याचं सिद्ध झालं, तेव्हा त्यांना पाच सामन्यांची बंदी घातली, पण पुढच्या हंगामापासून. बारा दिवसांवर आलेला शुगर बोल खुशाल खेळा! त्याच महिन्यात ऑबर्न विद्यापीठाच्या कॅम न्यूटनचं प्रकरण. त्याच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेटकडे पोराच्या प्रवेशासाठी पैसे मागितल्याचं एनसीएएनंच मान्य केलं. पण पोराला ठाऊक नव्हतं, आणि ऑबर्ननं दिल्याचा पुरावा नाही, म्हणून तो खेळला, हाइजमन जिंकला, संघ राष्ट्रीय विजेता झाला. त्या पोराला खेळू दिलं यात मला काहीच वावगं वाटत नाही. वावगं हे की हीच सहृदयता बाकीच्यांच्या वाट्याला आली नाही.

मी यामागे कुठलं कारस्थान शोधत नाही. मोठ्यांना वाचवा असा फतवा कोणी काढलेला नाही. पण ज्या यंत्रणेला साक्ष काढता येत नाही, ती कबुली देणाऱ्यालाच पकडणार. आणि जिची तिजोरी मोठ्या सामन्यांवर भरते, ती मोठे सामने मोडायला कचरणार. इतकं साधं आहे हे.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. मेम्फिसचा अल्बर्ट मीन्स, अंगापिंडानं दांडगा बचावपटू. अलाबामाचा बूस्टर लोगन यंग यानं त्याला मिळवण्यासाठी जवळपास दीड लाख डॉलर मोजले, असं फेडरल खटल्यात पुढे आलं. ते मोजले कोणाला? त्याच्या शाळेतल्या प्रशिक्षकाला. ज्याच्यावर पोरानं बापासारखा विश्वास टाकला, त्यानं त्याला विकलं. अलाबामाला 2002मध्ये कडक शिक्षा झाली, यंग 2005मध्ये दोषी ठरला. ध्यानात घ्या, तो फेडरल सरकारनं धरला, समन्स काढण्याची ताकद असलेल्यांनी. पोरानं घेतलेल्या 50 डॉलरच्या पाकिटाचा मला कधी राग आला नाही. या व्यवहाराचा येतो.

बाकी पुढचा भाग तुम्हाला ठाऊक असेल. 1984मध्ये टीव्हीच्या पैशासाठी विद्यापीठं स्वतःच एनसीएएविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारानं जिंकली. तोच कायदा खेळाडूंच्या बाजूनं उभा राहायला 2021चा जून उजाडला, निकाल 9-0. लगेच 1 जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले. काल जे पाकीट होतं, तो आज करार झाला. 2024च्या एप्रिलमध्ये बुशला त्याचं हाइजमन परत मिळालं. आणि 2025च्या जूनमध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मान्यता मिळाल्यावर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू लागली, 2025-26 या पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत.

म्हणजे मर्यादा आली, आणि मर्यादा आली की तिच्याबाहेरचा पैसा आलाच. त्याची राखण करायला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची नवी संस्था उभी केली. 600 डॉलर किंवा त्यावरचा बाहेरचा प्रत्येक करार तिच्याकडे तपासायला पाठवायचा. समन्सचा अधिकार तिलाही नाही. 2025च्या जुलैत तिनं पहिला दणका दिला: बूस्टरांच्या मंडळांनी खेळाडूंना नुसतेच पैसे देण्यासाठी केलेले करार चालणार नाहीत. खेळाडूंच्या वकिलांनी न्यायालयात जाण्याची भाषा केली, आणि तो महिना संपायच्या आत संस्थेनं आपला नियम सैल केला.