‘गेट जिरो!’ : सुशीच्या ओट्यावरचं युद्ध

(दृश्य: कॉमिकचं पूर्ण पान. गजबजलेलं शहर, पाट्या, रस्त्यावरची गर्दी. कॅमेरा हळूहळू आत सरकतो.)

हे लॉस एंजेलिस आहे, पण उद्याचं. इथे सत्ता आहे ती बड्या शेफमंडळींची. त्यांच्या टोळ्या आहेत, हद्दी आहेत, आणि नामांकित रेस्तराँत जागा मिळावी म्हणून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. याच शहरात जिरो नावाचा सुशी शेफ आपलं दुकान चालवतो. गिऱ्हाइकानं सोया सॉसमध्ये वसाबी (सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी) कालवली किंवा कॅलिफोर्निया रोल मागितला, तर जिरो त्याचं मुंडकं उडवतो.

‘गेट जिरो!’ ही चित्रकादंबरी २०१२ साली डीसी कॉमिक्सच्या व्हर्टिगो शाखेनं काढली. लेखन अँथनी बोर्डेन आणि जोएल रोझ यांचं, चित्रं लँग्डन फॉस यांची. बोर्डेन यांनी १९७८ मध्ये कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकामधून शिक्षण पूर्ण केलं आणि पुढची कितीतरी वर्षं न्यूयॉर्कच्या भटारखान्यांत काढली. सोमवारी रेस्तराँत मासा मागवू नका, कारण तो बहुधा शुक्रवारच्या गर्दीसाठी आणलेल्यातला उरलेला असतो, हे १९९९ साली छापून सांगणारा हा माणूस. त्यामुळे या पुस्तकात रक्ताचा सडा पडत असला, तरी जिरोचा राग हवेतला नाही. त्यामागे स्वयंपाकाचं पक्कं ज्ञान आहे.

(दृश्य: ओट्यावर निगिरी, म्हणजे माशाचा काप ठेवलेला भाताचा मुटका, वळणारे हात, अगदी जवळून.)

आधी भात पाहू. सुशीची अर्धी किंमत तिथेच ठरते. ४५० ग्रॅम आखूड दाण्याच्या तांदळाला साधारण ८० मिलीलीटर तांदळाचा व्हिनेगर, ३० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम मीठ लागतं. भात गरम असतानाच हे मिश्रण त्यावर ओततात, कारण निवलेला भात ते शोषत नाही, मग व्हिनेगर दाण्यांवरच राहतो आणि भात ओलसर, चिकट लागतो. पसरट लाकडी परातीत उलथन्यानं कापल्यासारखं हलवायचं, घोटायचं नाही, नाहीतर दाणा मोडून गिचका होतो. मग वारा घालून भात अंगाइतका कोमट होईपर्यंत आणायचा. फ्रिजमध्ये ठेवला तर तो कडक होतो आणि पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

एका निगिरीला १५ ते २० ग्रॅम भात पुरतो. तो असा दाबायचा की बोटांत धरला तर सुटू नये आणि तोंडात गेल्यावर लगेच मोकळा व्हावा. भात आणि मासा यांच्यामध्ये शेफ स्वतः वसाबी लावतो. चरबीदार माशाला जास्त, हलक्या माशाला कमी, असा त्याचा अंदाज असतो.

आता गिऱ्हाइकाचा गुन्हा. खरी वसाबी ही झऱ्याच्या वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या झुडपाचं जाड खोड. ती शार्क माशाच्या कातड्याच्या किसणीवर गोल गोल घासतात. पेशी फुटल्या की त्यांतली द्रव्यं एकत्र येतात आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. पंधरा-वीस मिनिटांत तो उडूनही जातो. सोया सॉसमध्ये कालवली की वास संपतो, सॉस गढूळ होतो, आणि शेफनं प्रत्येक माशासाठी साधलेला तोल बिघडून सगळे घास एकाच चवीचे लागतात. (अनेक ठिकाणी मिळणारा हिरवा गोळा वसाबीचा नसतोच. हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि रंग एवढंच त्यात असतं.)

सुशी उलटी करून माशाची बाजू सॉसला जेमतेम टेकवायची. भात बुडवला तर तो सॉस पिऊन फुटतो आणि खारट होतो. आलं दोन घासांच्या मध्ये खायचं, सुशीवर ठेवायचं नाही. हातानं खाल्लेलं चालतं. पण एका घासात.

राहिला कॅलिफोर्निया रोल. खेकडा किंवा त्याची नक्कल, अॅव्होकाडो, काकडी. भात बाहेर, समुद्री शेवाळाची पापडी आत. त्याचा जन्म कुठला यावर वाद आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हरचे शेफ हिदेकाझू तोजो तो आपला म्हणतात, पण अनेकजण तो लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो या जपानी वस्तीत जन्मल्याचं मानतात. म्हणजे जिरो ज्या शहरात त्या रोलसाठी माणूस मारतो, त्याच शहराकडे त्याचं श्रेय जातं. पुस्तकातला हा सगळ्यात धारदार उपरोध, आणि तो कुणी उलगडून सांगितलेला नाही.

(दृश्य: ओल्या दगडावर सरकणारी सुरी.)

सुशीची सुरी म्हणजे यानागिबा. लांब, अरुंद, साधारण २७० ते ३०० मिलीमीटर पात्याची, एकाच बाजूनं उतार दिलेली. मुठीजवळच्या टोकानं सुरुवात करून टोकापर्यंत एकाच ओढीत काप काढतात. करवतीसारखं मागेपुढे केलं की मांस फाटतं, पृष्ठभाग खरबरीत होतो, चकाकी जाते. हाडाला ही सुरी लावत नाहीत, धार टवका होऊन उडते. माशाचं डोकं काढायला जाड पाठीची देबा ही सुरी असते, आणि तीसुद्धा सांध्यातून घालायची.

जिरोला आपल्याकडे ओढायला दोन टोळ्या टपलेल्या आहेत. एक जगभरचे पदार्थ एकत्र करून श्रीमंतांना वाढणारी. दुसरी फक्त सेंद्रिय आणि शाकाहारी, आपल्या पावित्र्याबद्दल कमालीची कडवी. या दोन्ही बाजू कॅलिफोर्नियाच्या खऱ्या इतिहासातून उचललेल्या आहेत. बर्कलीत १९७१ साली ॲलिस वॉटर्स यांनी ‘शे पानीस’ हे रेस्तराँ सुरू केलं आणि शेतातून थेट ताटात हा विचार तिथे रुजला. सांता मोनिकात १९८३ साली वुल्फगँग पक यांच्या ‘शिनुआ ऑन मेन’मध्ये फ्रेंच आणि चिनी स्वयंपाक एकत्र आला. दोन्ही प्रयोग प्रामाणिक होते. लेखकांचा रोख त्यानंतर आलेल्या अहंकारावर आहे, जेव्हा जेवणापेक्षा त्याचं तत्त्वज्ञान मोठं झालं.

एकट्या माणसानं दोन टोळ्यांना झुंजवायचं, ही चौकट जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९६१ च्या ‘योजिम्बो’ चित्रपटातून ओळखीची आहे. कथानक म्हणून त्यात फार नवं नाही, आणि टोळीप्रमुख बॉब आणि रोझ एकसुरी राहतात. पुस्तक तोलून धरतात ती फॉस यांची चित्रं. त्यांची रेघ बारीक, चौकट खचाखच भरलेली. संवाद वाचून झाल्यावर पान उलटण्याआधी मागची दुकानं, पाट्या, पदार्थ पाहा.

२०१५ साली ‘ब्लड अँड सुशी’ आलं. ते आधीची गोष्ट सांगतं: टोक्योतला तरुण जिरो, वडील याकुझाचे, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळीचे, प्रमुख, आणि मुलगा लपूनछपून सुशी शिकतो आहे. चित्रं आले गार्झा यांची. कालक्रमानं ते आधी येतं, तरी वाचताना नंतरच घ्या. पहिल्या पुस्तकात जिरोचा भूतकाळ मुद्दाम झाकलेला आहे, आणि ओट्यामागचा तो अनोळखी, गप्प माणूस तसाच भेटायला हवा.