वहीतले चार रकाने

नमस्कार श्रोतेहो.

गड्ड्याची यात्रा म्हटलं की सोलापूरकराचा चेहरा उजळतो. नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी. आमच्या घरी मात्र संक्रांत जवळ आली की मी आधी शोभेच्या दारूकामाची रात्र कोणती ते बघते आणि त्या रात्रीपुरतं बार्शीला नणंदेकडे जायचं ठरवते.

आमचे हे ट्रक चालवायचे. पुणे रस्त्यावर, मोहोळच्या पुढे, रात्री अपघात झाला. हे वाचले, शेजारी बसलेला क्लीनर गेला. पायाचं हाड तीन महिन्यांत जुळलं. पण डिझेलचा वास आला की घाम फुटायचा, मागून हॉर्न वाजला की रस्त्यातच खाली बसायचे, रात्री किंचाळत उठायचे. मुलीचा दहावीचा निकाल लागला, तेव्हा हातात पेढा धरून भिंतीकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे. लिंबू उतरवून झाले. त्यांच्यावर राग नाही माझा, त्यांनाही आपला मुलगा परत हवा होता.

दीड वर्षानं आजाराचं नाव कळलं, पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाचा धक्का मनात तसाच राहून होणारा आजार. हा सैनिकांचा आजार असं पुष्कळांना वाटतं, पण अपघात, आग, पूर, अत्याचार, कशानंतरही तो होऊ शकतो.

मग गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, पुन्हा बदलल्या. आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता हेच चालू ठेवा, यापुढे फारसं काही करण्यासारखं नाही." घरी येताना रिक्षात आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

महिनाभरानं मी फाईल काढली. सगळ्या चिठ्ठ्या तारखेनं लावल्या आणि मुलीच्या जुन्या वहीत चार रकाने आखले: औषध, डोस, किती दिवस घेतलं, का सोडलं. श्रोतेहो, त्या रात्री मला जे दिसलं ते सांगायलाच मी आज इथं आले आहे. तीन औषधं लागू पडली नाहीत, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. त्यातलं एक मळमळ होते म्हणून आम्ही अकराव्या दिवशी सोडलं होतं. दुसरं सुरुवातीच्या कमी डोसवरच राहिलं होतं. सर्ट्रालिनसारख्या, या आजारावर देतात त्या औषधाचा गुण दिसायला पुरेशा डोसवर ६ ते ८ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे तिन्हींतलं नीट वापरून बघितलेलं औषध एकच.

आणि समुपदेशन? तीनदा झालं, "चांगले विचार करा" एवढंच. पीटीएसडीसाठीचे बोलण्याचे उपचार वेगळे असतात. प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणून एक पद्धत आहे, त्यात तज्ज्ञाला सोबत घेऊन माणूस हळूहळू त्या प्रसंगाकडेच परत जातो. दीड-दीड तासाच्या साधारण ८ ते १५ बैठका होतात. ईएमडीआर ही आणखी एक पद्धत, त्यात ती आठवण मनात धरून डोळे तज्ज्ञ सांगतील तसे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. यातलं काहीच आमच्या वाट्याला आलं नव्हतं.

ती वही घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "घोरतात का?" तपासणीत झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. मग विचारलं, "दारू?" मी खाली बघितलं. झोप यावी म्हणून हे रोज रात्री थोडी घेत होते आणि लाजेपोटी मीच ते आधीच्या डॉक्टरांपासून लपवलं होतं. ही माझी चूक. तुम्ही लपवू नका.

हे पूर्ण बरे झालेले नाहीत. रोज पडणारी भयंकर स्वप्नं आता आठवड्यातून एक-दोनदा पडतात. अर्धा दिवस चाटी गल्लीत एका मित्राच्या दुकानात बसतात. बैठका चालू आहेत. एखाद्या बैठकीनंतर दोन दिवस घरात वादळ असतं. ते अपेक्षितच असतं, असं आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणून टिकलो.

माझ्यासारख्या बायकांना, आणि नवऱ्यांनाही, दोन गोष्टी सांगते. स्वप्नात ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नका. मी हलवलं आणि गालावर फटका बसला, त्यांना ठाऊकही नव्हतं. आता मी दिवा लावते, दारातूनच हाक मारते, "अहो, मी आहे, आपण घरी आहोत, सोलापुरात." पण जागेपणी कुणी हात उगारत असेल, तर तो आजार म्हणून सोसू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा.

आणि "मला जगायचं नाही" असं ते म्हणाले, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का? गोळ्या, कीटकनाशक हाताशी राहू देऊ नका, एकटं सोडू नका. तातडीला ११२ लावा. टेली मानस ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. घरची माणसंही तिथं बोलू शकतात. एका रात्री स्वयंपाकघरात बसून मी तो क्रमांक लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" मी जेवले नव्हते.

यंदा संक्रांतीच्या आधी मी बार्शीची पिशवी भरत होते. हे दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दारूकाम किती वाजता सुरू होतं गं?" मी वेळ सांगितली. थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षी गच्चीवरून बघू. तू शेजारी उभी राहा." मी पिशवीची चेन लावली, आणि आम्ही बार्शीची एसटी पकडली.