कुरतडलेली पानं आणि ओहोटीची वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरतोय, नवरात्र जवळ आलंय. घोडबंदर रोडला ओवळ्यात ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान किंवा ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातलं कांदळवन बघायला हेच दिवस चांगले. सोबत माहितगार नसला तरी अडत नाही, मात्र घरून थोडी तयारी करून निघा.

ओवळ्याला जाण्याआधी चार झाडं ओळखायला शिका: रुई, कढीपत्ता, बहावा आणि सापसंद. मध प्यायला फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल, अंडी घालताना मात्र ते फार चोखंदळ असतं. प्लेन टायगरची अळी रुईच्या पानांवर पोसते, कॉमन मॉरमॉनची कढीपत्त्यावर, कॉमन एमिग्रंटची बहाव्यावर. क्रिमझन रोझला सापसंदाचा वेलच लागतो. तो वेल रान समजून उपटला की त्या भागात क्रिमझन रोझच्या अळ्यांना खायला काही उरत नाही. म्हणून बागेत शिरलात की फुलांच्या आधी कुरतडलेली पानं शोधा. पान न तोडता त्याच्या खाली डोकावून बघा, अंडी किंवा अळी तिथेच सापडेल. मुलं सोबत असतील तर रुईच्या चिकापासून त्यांचे डोळे जपा.

उन्हानं पंख तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत, त्यामुळे नऊच्या सुमाराला पोचलात तरी चालेल. पण घोडबंदरची वाहतूक तुम्हाला ठाऊकच आहे, निघा लवकर.

वाटेत दिसणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा. सावली दोघेही देतात. तरी सोसायटीत नवं झाड लावायची वेळ येईल तेव्हा आपलं राज्यफूल ताम्हण, बहावा, करंज यांचा विचार आधी व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

ऐरोलीसाठी वेगळी सकाळ ठेवा. तिथं घड्याळाआधी कालनिर्णय बघायचं. तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थीला साधारण तीनला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. खाडीत आत पाणी जरा उशिरा उतरतं, तेवढी सवड धरा. ओहोटीला गेलात तरच तिवराची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं नीट दिसतील. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वासासाठी वर येतात. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात, जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं खाली लोंबतं. फ्लेमिंगोंसाठी बोटीत बसायचं असेल तर मात्र हिवाळ्यात, आणि भरतीची वेळ धरून या.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. असं ठिकाण आपल्या दाराशी आहे, तिथं प्लास्टिकची पिशवी नेऊच नका.

दोन्हीकडे निघण्याआधी फोन करून उघडण्याचे वार आणि वेळा विचारून घ्या. अनोळखी झाड दिसलं तर नुसत्या फुलाचा फोटो पुरत नाही. पानाच्या दोन्ही बाजू, खोड आणि लांबून अख्खं झाड, असे फोटो घ्या. त्यावरून जाणकाराला नाव सांगता येतं.

नमस्कार.