‘छान झालं’ एवढंच म्हणू नका

मंडळी, विषय दिलाय ‘मुलाखतीची तयारी’. तिकडे मी येतोच, पण आधी एका पोराबद्दल सांगू द्या. हा विषय मला त्यानंच शिकवला.

जिंतूर तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. वाळूजच्या एका कारखान्यात मुलाखत होती, म्हणून आम्ही सराव घेत होतो. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की गाडी सुरू : माझं नाव अमुक, वडील शेती करतात, छंद वाचन आणि क्रिकेट. ‘अलीकडे काय वाचलं?’ तर गप्प. क्लासमधून पाठ करून आलेलं उत्तर होतं ते. मित्र मागून म्हणाले, ‘छान झालं, फक्त कॉन्फिडन्स ठेव.’ कॉन्फिडन्स काय दुकानात मिळतो का, की जाऊन आणावा?

मग चहाला बाहेर आलो. कुणीतरी बोअरची मोटार जळाल्याचं रडगाणं लावलं. त्यावर हे लेकरू म्हणालं, ‘सर, चालू मोटारीच्या तीन फेजांतला, म्हणजे विजेच्या तीन तारांतला, एक गेला की सगळा लोड उरलेल्या दोघांवर येतो. करंट वाढतो, वाइंडिंग तापून जळती. त्यासाठी स्टार्टरात सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो, फेज गेला की मोटार बंद करतो, पण रातच्याला पाणी द्यायची घाई, म्हणून लोक त्यालाच बायपास करत्यात. आमच्या आळीतल्या दोन स्टार्टरांना मीच पुन्हा जोडून दिला.’ मी म्हटलं, अरे, हे आत का नाही सांगितलंस? म्हणाला, ‘सर, हे तर घरचं काम हाय.’

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आपल्या पोरांना घरचं काम सांगण्यासारखं वाटत नाही, आणि ऐकणारा ‘छान झालं’ म्हणून त्यांना तसंच धाडून देतो. बोलीचीही तीच गत. ‘जळती’ म्हटलं म्हणून कुणी नोकरी नाकारत असेल, तर दोष त्याच्या कानाचा आहे. स्पष्ट बोला, बोली झाकू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगतो.

उत्तर मनात घोळवू नका, तोंडानं बोला, माणसासमोर बोला. मोबाइल समोर ठेवून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. अडचण काय होती, तुमच्याकडे काम काय होतं, तुम्ही काय केलं, त्यातून काय झालं, या क्रमानं सांगा. ‘आम्ही केलं’ म्हणालात, तर त्यातलं तुमचं किती ते आलं पाहिजे. उत्तर पाठ करू नका, प्रसंग पाठ असू द्या.

ऐकणाऱ्यानं नेमकं बोलावं. ‘तिसऱ्या वाक्याला मान खाली गेली’, ‘स्टार्टरचं शेवटी आलं, ते आधी घे.’ एका वेळी दोनच गोष्टी, जास्त नकोत. आणि तेच उत्तर लगेच, तिथल्या तिथं पुन्हा द्यायला लावा. उद्यावर टाकलेला अभिप्राय वहीतच राहतो.

स्पर्धा परीक्षावाल्यांनो, यूपीएससीत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. लेखीला वर्षं घालता, मग बोलायला निकालाची वाट कशाला बघता? आजच जोडीदार शोधा, आणि तो तोंडावर बोलणारा असू द्या.

बाकीचं बोलून होणार नाही, करूनच दाखवतो. दुसऱ्या ओळीतल्या ताई, या वर. तुम्ही घरी काय काम करता, तिथून सुरुवात करू. आणि तुम्ही सगळे टाळ्या नंतर वाजवा. आधी काय खटकलं ते लिहून ठेवा.