दिवाळीत डाव मांडणाऱ्या मंडळींसाठी घरचा सारीपाट

श्रोतेहो, नमस्कार. दसरा झाला, पाऊस सरला आणि अंगणात कडक ऊन पडू लागलं. कोकणात कापड आणि लाकूड मनासारखं वाळतं ते याच दिवसांत. दिवाळीला चाकरमानी गावी आले की रात्री ओटीवर डाव मांडला जातो. त्या गड्यांना द्यायला हाताने केलेल्या सारीपाटाइतकी चांगली भेट नाही, कारण ती त्याच रात्री वापरात येते.

आधी पट. एक मीटर मांजरपाट घ्या, पन्हा किमान 90 सेंटिमीटर हवा. कापण्याआधी तो रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. कोऱ्या कापडात खळ असते. ती निघाली की कापड आटतं. आधी भरतकाम केलंत आणि नंतर धुतलंत, तर घरं वेडीवाकडी होतात आणि ती सरळ करता येत नाहीत.

पटाच्या चार पट्ट्या, प्रत्येकीत तीन ओळी, ओळीत आठ घरं. म्हणजे 96 घरं आणि मधला चौक. घर 4 सेंटिमीटरचं धरलं तर पट्टी 12 बाय 32, चौक 12 बाय 12 आणि टोकापासून टोकापर्यंत पट 76 सेंटिमीटर. चहूबाजूंनी 5 सेंटिमीटर सोडा, दुमडून शिवायला लागतं. आखायला सुरुवात मधूनच करा. कापडाची चौघडी करून घडीवर इस्त्री फिरवा आणि त्या घड्यांवरून चौक काढा. चौकाचे दोन्ही कर्ण मोजा. ते जवळजवळ 17 सेंटिमीटर भरतील, पण एकमेकांशी अगदी सारखे हवेत. चौक जरासा तिरका झाला तरी पट्टीच्या टोकाला ती चूक ठळक दिसते.

रेघांवर साखळी टाका घाला. लाल दोरा कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. डाग पडला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून घ्या, मगच सुई ओवा. फुल्या, म्हणजे खुणेची घरं, कुठे आणि कोणतं दान किती घरांचं, हे गावोगाव बदलतं. तुमच्या मंडळींचा जो नियम असेल तोच पटाच्या मागच्या बाजूला भरा. मध्यरात्रीचे वाद मिटतात.

सोंगट्या सोळा. सुताराकडून 18 मिलिमीटर जाडीची गोल काठी 60 सेंटिमीटर आणा आणि 3 सेंटिमीटरचे तुकडे पाडा. एवढ्या जाडीच्या दोन सोंगट्या एका घरात शेजारी बसतात, जाड काठीच्या बसत नाहीत. बुडाला गड्याच्या नावाचं आद्याक्षर लिहा, पण थेट लिहू नका. आडव्या कापलेल्या लाकडाची छिद्रं शाई ओढतात आणि अक्षर फुटतं. फेव्हिकॉल आणि पाणी समभाग करून एक हात द्या, वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, मग ॲक्रिलिक रंगाने बारीक कुंचल्याने लिहा. मार्करने लिहिलेलं अक्षर वार्निश लागताच पसरू शकतं.

कवड्या पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. लागतात सहा-सात, पण वीसेक आणा. प्रत्येक कवडी एकाच चटईवर 50 वेळा टाका आणि किती वेळा उताणी पडली ते लिहून ठेवा. ज्यांचे आकडे जवळजवळ सारखे, त्या निवडा. पाठीवर रंगाचे थर देऊ नका, वजन बदलतं आणि दान एकाच बाजूला झुकतं. खुणेला एक बारीक ठिपका पुरे.

कवड्या खुळखुळायला करवंटीची वाटी करा. नारळ जून हवा. कोयत्याने फोडलात तर काठ दातरा येतो, म्हणून बारीक दातांच्या करवतीने सावकाश कापा. बाहेरच्या शेंड्या सुरीने खरवडा, मग 80, 120, 220 असे पॉलिशपेपर क्रमाने फिरवा. 80 वर करवंटी मळकट तपकिरी असते, 220 वर गडद होते आणि उजेडात धरली की आतल्या फिकट रेघा दिसू लागतात. तिथेच थांबा. खोबरेल लावायचा मोह होतो, पण ते वाळत नाही. ते चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि पुढे खवट वास येतो. डबल बॉइल्ड जवसाचं तेल फडक्याने अगदी पातळ लावा, एक दिवस सुकू द्या, असे तीन हात. ते फडकं मात्र चुरगाळून टाकू नका. वाळताना हे तेल तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. वाटी बुडाशी डुगडुगते, म्हणून दुसऱ्या करवंटीची बोटभर रुंदीची कडी कापून खाली चिकटवा.

पट द्यायच्या आदल्या दिवशी दुपारच्या उन्हात पुन्हा एकदा घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, खाऱ्या हवेत आत ओल कोंडते आणि कापडावर काळे ठिपके येतात. उरलेल्या मांजरपाटाचा बटवा शिवा, त्यात कवड्या आणि सोंगट्या ठेवा आणि पट त्याच्याभोवती सैल गुंडाळा.