पावतीपुस्तक आधी, पेटी नंतर

श्रोतेहो, नमस्कार. समजा, धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या नऊ विद्यार्थ्यांनी तीन डॉक्टरांसोबत नेपाळमधल्या एका खेड्यात आरोग्य शिबिराला जायचं ठरवलं. उत्साहाच्या भरात पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडलं आणि पाचकंदिलच्या बाजारात उभे राहिले. दहाची नोट टाकण्याआधी दुकानदार विचारणारच, "हाऊ पैसा जास कोठे?" एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर पेटी घरीच ठेवा.

आमच्या मते उत्तर असं असावं: तिकीट आणि जेवण ज्याचं त्यानं, लोकांच्या पैशातून फक्त औषधं, तपासण्या आणि चष्मे. प्रवासखर्च देणगीत मिसळला की "पोरं फिरायला चालली" हे ऐकावंच लागतं, आणि ते खोटं आहे असं ठामपणे सांगताही येत नाही. दुसरा प्रश्न याहून बोचरा. आपल्या सातपुड्यातलं धडगाव-अक्कलकुवा सोडून नेपाळ कशाला? यावर भाषण नको. आधी सातपुड्यात एक शिबिर करा आणि त्याची रुग्णनोंद वही दाखवा.

आता कागद. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. पैसा एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी क्यूआरवर घेऊ नका. त्याच्या मेसच्या पैशात तो मिसळतो आणि नंतर हिशोब सुटत नाही. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घेतला, तर एक मेख आहे. धर्मादाय संस्थेनं भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातली सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. म्हणून सीएला पहिल्या आठवड्यातच भेटा. ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणारी पावती मागणाऱ्यांना हेही सांगा, की २००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही. परदेशातल्या माजी विद्यार्थ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर त्यानं बँकेतून पाठवलेली देणगी चालते. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. आडनाव पाटील असलं तरी.

खान्देशात मागायचीही वेळ असते. जूनमध्ये शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. कापूस, मका विकला गेला की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हात सैल असतो. भरताचा हंगामही तोच. भरीत-पुरीचा कार्यक्रम ठेवायचा असेल, तर शंभर ताटांना पंचवीस किलो वांगी धरा. भाजून, साल काढून एक तृतीयांश वजन जातंच. वांगी हिरवी, मोठी, पण हाताला हलकी हवीत. जड निघालं की आत बिया. भाजायला कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्या आणि मोकळं पटांगण लागतं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही आणि खान्देशी माणूस पहिल्या घासातच ओळखतो. घोळ होतो तो एकदम सगळं ठेचून ठेवल्यामुळे. तासा-दोन तासांत भरताला पाणी सुटतं. वांगी आधी भाजून ठेवा, पण ठेचून फोडणी वीस-वीस ताटांचीच द्या. आणि कूपनं आधी विका. "येतो, दोन ठेव" म्हणणारा हिशोबात धरायचा नाही. पैसे आले तेवढीच ताटं.

पेटीजवळ नेहमी दोघं. पैसे त्याच संध्याकाळी मोजायचे, दोघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. पावतीपुस्तकांवर छापील क्रमांक हवेत आणि कोणतं पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद हवी. हरवतं ते नेहमी अर्धं भरलेलं पुस्तक.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. भुसावळहून गोरखपूर, तिथून रस्त्यानं सोनौलीची सीमा. एका तिकिटावर सहाच प्रवासी, म्हणजे बारा जणांची दोन तिकिटं. त्या दिवशी प्रत्येकाचे भाड्याचे पैसे जमा असायला हवेत, नाहीतर औषधांच्या पैशात हात घालायचा मोह होतो. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधारवर विसंबू नका. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडे बहुधा यातलं एकही नसतं, त्यामुळे अर्ज आधीच भरा. नेपाळमध्ये रुग्ण तपासायला आपल्या डॉक्टरांना तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. विद्यार्थ्यांनी वजन, रक्तदाब, नोंदी एवढंच करायचं. गोळी लिहून द्यायची नाही.

औषधांबाबत एकच हट्ट धरा. घरोघरच्या उरलेल्या पट्ट्या घेऊ नका. कापलेल्या पट्टीवर बॅच क्रमांक आणि मुदत राहत नाही. नमुन्याच्या गोळ्याही नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दान केलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर किमान वर्षभर उरलेली हवी. शिवाय औषधं सीमेपार न्यायची तर तिथल्या औषध व्यवस्था विभागाची परवानगी लागते. त्यापेक्षा यादी आधी पाठवून तिथेच खरेदी करणं सोपं. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, आणि हा दर ठरलेला असल्यानं अंदाजपत्रक हलत नाही. साखर तपासायच्या पट्ट्या मात्र इथून नेल्यात, तर डब्यावरचं तापमान वाचा. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या फलाटावर ठेवलेली बॅग तासाभरात किती तापते, ते तुम्हाला सांगायला नको.

परत आल्यावर पंधरा दिवसांत हिशोब महाविद्यालयाच्या फलकावर लावा: पावत्यांचे क्रमांक, जमा, खर्च, शिल्लक. शिल्लक कुठे जाणार, हे मात्र पहिल्या पावतीवरच छापलेलं हवं.