सांधा बदलताना

पश्चिम टेक्सासात मिडलंड नावाचं गाव आहे. सगळा सपाट माळ, मेस्किटची खुरटी झुडपं आणि नजर जाईल तिकडे तेलविहिरी. पर्मियन खोरं म्हणतात ते हेच. तिथे मी बरीच वर्षं फ्रॅकिंगच्या कामावर होतो. खोल खडकात पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने घुसवून तो फोडायचा, म्हणजे आतलं तेल वाट काढतं. आज मला या कामातल्या एका छोट्या भागाबद्दलच बोलायचं आहे. एका विहिरीवरून दुसरीवर जाताना पंप थांबतात, त्या वेळेबद्दल.

१७ मार्च १९४९ला ओक्लाहोमात आणि टेक्सासात पहिलं व्यावसायिक फ्रॅकिंग झालं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. विहीर उभी. दाब दिला, काम झालं, ट्रक पुढे निघाले. आता एकाच पॅडवर, म्हणजे कामासाठी सपाट केलेल्या एकाच जागेवर, चार-सहा विहिरी शेजारी शेजारी असतात. प्रत्येक विहीर खाली जाऊन वळते आणि शेल खडकात दोन-तीन किलोमीटर आडवी जाते. तो आडवा भाग टप्प्याटप्प्याने फोडावा लागतो. वायरलाइनच्या तारेला प्लग (म्हणजे बूच) आणि गन (म्हणजे स्फोटकं भरलेली नळी) बांधून आत सोडायच्या, प्लग बसवून मागचा टप्पा बंद करायचा, गनने पोलादी नळीला छिद्रं पाडायची, तार वर घ्यायची आणि मग पंप सुरू करायचे. एका विहिरीत तार असते तेव्हा शेजारच्या विहिरीत पंप चालतात. मग अदलाबदल. कपड्याच्या चेनचे दाते एकाआड एक बसतात तसं हे चालतं, म्हणून याला झिपर फ्रॅक म्हणतात.

४ विहिरी आणि प्रत्येकीत ५० टप्पे धरा. २०० टप्पे, म्हणजे जवळजवळ तितक्याच अदलाबदली. दर वेळी १५ मिनिटं वाचली, तर ५० तास वाचतात. दोन दिवसांहून जास्त. एरवी तेवढा वेळ पंपांचे ट्रक, क्रेन आणि माणसं नुसती उभी राहतात.

मी पहिल्यांदा स्टॉपवॉच घेऊन बसलो, ती कडाक्याच्या थंडीची रात्र होती. पंप थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत पाऊण तास गेला. मी मिनिटामिनिटाची नोंद केली. व्हॉल्व्ह बंद व्हायला मिनिटभरही लागलं नव्हतं. दाब सोडणं, समान करणं, तपासणं, याला थोडा वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. उरलेल्या वेळात काय चाललं होतं? वायरलाइनची माणसं तार बाहेर काढून बसली होती, पण ते पंपवाल्यांना कोणी कळवलंच नव्हतं. ग्रीसवाला पंप थांबायची वाट बघत होता, कारण चालू दाबात त्या भागात पाऊल टाकायला सक्त मनाई असते. रेडिओवर एकाच वेळी तिघं बोलत होते. काम थोडंच होतं, वाट बघणंच जास्त होतं. त्या रात्रीपासून मी हेच सांगत आलो आहे: वाट बघण्यातला वेळ काढा, तपासण्यातल्या वेळेला हात लावू नका.

ग्रीसचंच घ्या. वाळूमिश्रित पाणी व्हॉल्व्हच्या पोकळीत शिरतं, वाळू तिथे साचते आणि मग गेट, म्हणजे व्हॉल्व्हची आतली सरकती पाटी, नीट बसत नाही. म्हणून ग्रीस भरावंच लागतं. पण ते पंप थांबवूनच भरलं पाहिजे असं कुठे आहे? लांब नळ्या टाकून बाहेरच्या सुरक्षित जागेवरून ग्रीस देता येतं आणि कोणालाही आत जावं लागत नाही. वायरलाइनचा लुब्रिकेटर, म्हणजे तार ज्यातून आत जाते ती दाब धरणारी उंच नळी, विहिरीवर बसवायला पूर्वी माणूस उंच पाळण्यातून वर जायचा. आता क्रेनने तो वरून ठेवायचा आणि लॅच दुरूनच बंद करायचा. काही ठिकाणी तर पंप थांबवतच नाहीत. प्रवाह कमी करतात, नव्या विहिरीचा व्हॉल्व्ह आधी उघडतात आणि मग जुनीचा बंद करतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे चांगले चांगले इंजिनिअर चुकतात. पंपाचा टप्पा दोन तासांचा आणि तारेचं काम तीन तासांचं असेल, तर दोन विहिरींच्या झिपरमध्ये अदलाबदल कितीही झटपट करा, पंप तासभर उभेच राहणार. तिथे व्हॉल्व्हवर पैसे घालून उपयोग नाही. तिसरी विहीर फेऱ्यात घ्या किंवा तारेचं काम लवकर कसं होईल ते बघा. आधी अडतंय कुठे ते शोधा.

आणि घाईची किंमत. आम्ही काम करत होतो त्या एका साइटवर तार विहिरीत असतानाच कोणीतरी तिचा व्हॉल्व्ह बंद केला. गेट तारेवर आलं, तार तुटली, गन आणि प्लग आत राहिले. ते बाहेर काढायला कित्येक दिवस गेले. पंधरा मिनिटांच्या हव्यासापायी. दाब समान न करता व्हॉल्व्ह उघडणंही तसंच. १०,००० पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ६८० पट. तेवढा फरक असताना गेट हललं, तर फटीतून सुटलेली वाळू धातूसुद्धा खाऊन टाकते.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघत नसे. स्टेशनमास्तरांच्या यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघायचा. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलही पडत नसे. लहानपणी स्टेशनावर उभं राहून मी ती गोळ्याची देवघेव बघत असे. आता आमच्याकडेही व्हॉल्व्हच्या जागा सेन्सरने कळतात आणि तार आत असेल तर यंत्रणाच त्या विहिरीचा व्हॉल्व्ह हलू देत नाही. पण ती यंत्रणा यायच्या आधी आम्ही प्रत्येक विहिरीसाठी एक किल्ली केली होती, पितळी बिल्ल्यावर नंबर ठोकलेली. तार विहिरीत असेपर्यंत किल्ली वायरलाइनवाल्याच्या गळ्यात. तार बाहेर आली की तो स्वतः चालत यायचा आणि पंपवाल्याच्या हातात किल्ली ठेवायचा. रेडिओवरचा गोंगाट पहिल्याच आठवड्यात थांबला आणि अदलाबदलीचा वेळही कमी झाला, कारण आता कोणी कोणाला "झालं का?" असं विचारतच नव्हतं.